संत्र्याचा रस आणि घानाचे अर्थमंत्री

प्रश्न : अमेरिकेतल्या एका रस्त्याकडेच्या हॉटेलात घाना देशाच्या अर्थमंत्र्याला काळा म्हणून बसू दिले नाही आणि दोनच दिवसांत खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याला व्हाइट हाऊसमध्ये नाश्त्याला बोलावले, असे वाचनात आले. ही गोष्ट खरी आहे की रचलेली? खरी असेल तर हा मंत्री कोण? आणि पुढे त्याचे काय झाले?

उत्तर : गोष्ट खरी आहे. मंत्र्यांचे नाव कोमला अग्बेली ग्बेडेमा. घाना ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ग्बेडेमा मोटारीने न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला निघाले होते. सोबत त्यांचे सचिव बिल सदरलँड होते. सदरलँड स्वतः कृष्णवर्णीय अमेरिकन, आणि युद्धविरोधी चळवळीतले मुरलेले कार्यकर्ते. वाटेत डेलावेअर राज्यात डोव्हर गावाजवळ दोघे ‘हॉवर्ड जॉन्सन’ या साखळीतल्या एका हॉटेलात थांबले. नारिंगी छपरांची ही हॉटेले त्या काळी अमेरिकेतल्या महामार्गांवर जागोजागी असत.

दोघांनी संत्र्याचा रस मागवला. रस देताना वाढणारी बाई म्हणाली की तो बाहेर नेऊन प्यावा लागेल, काळ्या लोकांना इथे बसता येत नाही. ग्बेडेमांनी आपण कोण आहोत ते सांगितले, ओळखपत्र दाखवले, व्यवस्थापकाला बोलावून घेतले. त्यानेही तोच नियम ऐकवला. तेव्हा रस ठेवा, सुटे पैसेही ठेवा, पण हे प्रकरण एवढ्यावर मिटायचे नाही, अशा अर्थाचे बोलून ते बाहेर पडले. वर्तमानपत्रवाल्यांनी गाठल्यावर त्यांनी एकच मुद्दा मांडला. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष घानात येतात तेव्हा माझ्या घरी जेवतात, मग त्यांच्या देशात रस्त्याकडेच्या उपाहारगृहात माझ्या वाट्याला हे का? उपराष्ट्राध्यक्ष म्हणजे रिचर्ड निक्सन. घानाच्या स्वातंत्र्यसोहळ्याला अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून तेच आले होते, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर देणे अवघड होते.

परराष्ट्र खात्याने दिलगिरी व्यक्त केली आणि १० ऑक्टोबरला आयझेनहॉवर यांनी ग्बेडेमांना नाश्त्याला बोलावले. निक्सनही हजर होते.

प्रश्न : एका ग्लासभर रसासाठी अमेरिकेच्या अध्यक्षाने एवढी धावपळ का करावी?

उत्तर : वेळच तशी होती. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक गावी नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोचवण्यासाठी आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले होते. जमावाने घेरलेल्या मुलांची छायाचित्रे जगभर झळकली होती. ४ ऑक्टोबरला सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेची मान आणखी खाली गेली. आशिया-आफ्रिकेतले नवे देश कोणाच्या बाजूला झुकतात याकडे दोन्ही महासत्ता डोळे लावून बसल्या होत्या. सहाराच्या दक्षिणेकडच्या ज्या वसाहती त्या काळात स्वतंत्र होऊ लागल्या त्यांत घाना पहिला. त्याच्याच अर्थमंत्र्याला हॉटेलाबाहेर काढणे वॉशिंग्टनला परवडणारे नव्हते.

असा अनुभव येणारे ग्बेडेमा पहिले नव्हते. ऑगस्ट १९५५ मध्ये भारताचे अमेरिकेतील राजदूत गगनविहारी मेहता यांना टेक्सासमधल्या ह्यूस्टन विमानतळावरच्या उपाहारगृहात वेगळ्या खोलीत बसायला सांगितले होते. तेव्हाही परराष्ट्रमंत्री डलेस यांनी माफी मागितली होती. माफी मागण्याची रीत ठरून गेली होती, नियम मात्र जागेवर होता. डेलावेअरमध्ये तर कायदाच हॉटेलमालकाच्या बाजूने होता. ज्या गिऱ्हाइकामुळे बाकीच्या बहुसंख्य गिऱ्हाइकांना वाईट वाटेल त्याला सेवा नाकारण्याची मुभा त्या राज्यात होती. ते कलम कोणाविरुद्ध वापरले जाणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

ज्याच्या पाठीशी कोणतेही सरकार नव्हते अशा माणसाचे काय होत असे, तेही पाहू. व्हर्जिनिया राज्यात याच साखळीच्या एका हॉटेलाने एका कृष्णवर्णीय वकिलाला जेवण नाकारले. हे वकील अमेरिकेच्या करखात्यात नोकरीला होते. ते कोर्टात गेले आणि १९५९ साली केंद्रीय अपील न्यायालयात हरले. हॉटेल खाजगी मालकीचे आहे, कोणाला वाढायचे ते मालक ठरवेल, असा निकाल लागला. देशाच्या स्वतःच्या नागरिकाला जे मिळाले नाही ते परदेशी पाहुण्याला मिळाले, तेही त्याच्यापुरतेच.

पुढे आफ्रिकेतले देश भराभर स्वतंत्र झाले आणि त्यांचे राजदूत न्यूयॉर्क-वॉशिंग्टन रस्त्यावरून ये-जा करू लागले. जून १९६१ मध्ये चाड देशाच्या राजदूतांना मेरीलँड राज्यातल्या ‘रूट ४०’ या महामार्गावर हाकलण्यात आले. तेव्हा केनेडी सरकारने या मार्गावरच्या हॉटेलमालकांची मनधरणी करण्यासाठी खास अधिकारी नेमले. पण खरा बदल घडवला तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी केलेल्या धरण्यांनी आणि मोर्च्यांनी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांमधला हा भेदभाव देशभर बेकायदा ठरवला, म्हणजे ग्बेडेमांच्या नाश्त्यानंतर सात वर्षांनी.

प्रश्न : ग्बेडेमा मुळात कोण? घानाचे नेते म्हणून आम्हांला फक्त क्वामे एन्क्रुमा माहीत आहेत.

उत्तर : एन्क्रुमांचे नाव जगाला माहीत झाले त्यात ग्बेडेमांचा वाटा मोठा आहे. त्यांचा जन्म १७ जून १९१३ रोजी नायजेरियातल्या वारी गावी झाला. आईवडील मात्र गोल्ड कोस्टचे. स्वातंत्र्यापूर्वी घानाचे नाव तेच होते. घराणे एवे जमातीचे, मूळ गाव देशाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या खारफुटी-सरोवराच्या पट्ट्यातले अन्याको. एवे लोक घाना आणि टोगो अशा दोन्ही देशांत विभागलेले आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, त्यांच्या पुढच्या आयुष्यात ती दोनदा कामी येते. शिक्षण अक्राजवळच्या अचिमोटा महाविद्यालयात झाले. शिक्षकी करून ते व्यापारात पडले आणि तिथून राजकारणात आले.

राजकारणाला तोंड फुटले ते २८ फेब्रुवारी १९४८ ला. ब्रह्मदेशात इंग्रजांच्या बाजूने लढून आलेले माजी सैनिक थकलेल्या पैशांचे गाऱ्हाणे घेऊन गव्हर्नरकडे चालले होते. पोलीस अधिकाऱ्याने गोळीबार केला, तीन माजी सैनिक ठार झाले आणि अक्रा शहर पेटले. तोवरचे पुढारी वकील-डॉक्टर मंडळी होती. त्यांना स्वराज्य हवे होते, पण सावकाशीने. एन्क्रुमांना ते ताबडतोब हवे होते. तरुणांची संघटना बांधून त्यांनी जून १९४९ मध्ये कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी काढली. त्या तरुण संघटनेचे अध्यक्ष होते ग्बेडेमा आणि चिटणीस कोजो बोत्सियो. एन्क्रुमांच्या ‘अक्रा ईव्हनिंग न्यूज’ या पत्राचे संपादनही ग्बेडेमांनी केले आणि खोटी बातमी छापल्याच्या आरोपाखाली तुरुंगात गेले.

जानेवारी १९५० मध्ये एन्क्रुमांनी संप आणि बहिष्काराची ‘पॉझिटिव्ह अॅक्शन’ ही मोहीम पुकारली. तिची प्रेरणा गांधीजींच्या सत्याग्रहातून घेतल्याचे ते उघड सांगत. सरकारने सगळ्या पुढाऱ्यांना आत टाकले. ग्बेडेमा मात्र आधीच शिक्षा भोगत असल्यामुळे त्यांची सुटका इतरांच्या आधी झाली, आणि सगळा पक्ष त्यांच्या खांद्यावर आला. जेम्स फोर्ट तुरुंगात एन्क्रुमा रात्री रस्त्यावरच्या दिव्याच्या कवडशात, पेन्सिलीच्या थोटकाने, टॉयलेट पेपरवर बारीक अक्षरांत सूचना लिहीत. त्या चोरून बाहेर येत आणि ग्बेडेमांच्या हाती पडत.

कागदावरच्या सूचनांनी निवडणूक जिंकता येत नाही. उमेदवार ठरवणे, मतदारनोंदणी करणे, पैसा गोळा करणे, गावोगाव प्रचाराच्या गाड्या फिरवणे, अक्षरओळख नसलेल्या मतदाराला लाल कोंबड्याचे चिन्ह ओळखायला शिकवणे, ही सगळी उठाठेव ग्बेडेमांची. एन्क्रुमांना तुरुंगातून उभे करता आले ते कायद्यातल्या एका फटीमुळे. एका वर्षाहून जास्त शिक्षा झालेल्याला उभे राहता येत नव्हते. एन्क्रुमांना एकूण तीन वर्षांची शिक्षा होती, पण ती एकेका वर्षाच्या तीन शिक्षांची बेरीज होती.

फेब्रुवारी १९५१ मध्ये मतदान झाले. थेट लोकांनी निवडायच्या ३८ जागांपैकी ३४ पक्षाला मिळाल्या. अक्रा शहरात एन्क्रुमांना २३,१२२ पैकी २२,७८० मते पडली. १२ फेब्रुवारीला गव्हर्नर आर्डन-क्लार्क यांनी त्यांना सोडले आणि तुरुंगातून निघालेला माणूस सरकारचा प्रमुख झाला. सबंध निवडणूक लढवणाऱ्या ग्बेडेमांनी त्या जागेवर हक्क सांगितला नाही. त्यांना आरोग्य आणि कामगार खाते मिळाले, मग वाणिज्य आणि उद्योग, आणि १९५४ पासून अर्थखाते.

६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री अक्राच्या जुन्या पोलो मैदानावर एन्क्रुमांनी स्वातंत्र्याची घोषणा केली तेव्हाची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. व्यासपीठावरची मंडळी सुटाबुटात नाहीत. अंगात उत्तर घानातले हातमागाचे जाड, पट्ट्यापट्ट्यांचे सदरे आहेत. डोक्यावरच्या टोप्यांवर ‘पी. जी.’ ही अक्षरे आहेत. म्हणजे ‘तुरुंगाचे पदवीधर’. ग्बेडेमाही त्या रांगेत आहेत.

प्रश्न : अर्थमंत्री म्हणून त्यांनी केले काय?

उत्तर : सर्वांत परिणामकारक निर्णय आणि सर्वांत महागात पडलेला निर्णय एकच होता. ऑगस्ट १९५४ मध्ये त्यांनी कोकोचा खरेदीभाव बांधून टाकला. जगातला सर्वाधिक कोको तेव्हा गोल्ड कोस्टमध्ये पिके आणि देशाच्या तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः त्यातूनच येई. शेतकऱ्याने माल सरकारी कोको मंडळाला विकायचा, मंडळाने तो परदेशी विकायचा, आणि मधली तफावत सरकारने ठेवायची, अशी रचना होती. ग्बेडेमांच्या कायद्याने ६० पौंड वजनाच्या ओझ्याला ७२ शिलिंग हा भाव चार वर्षांसाठी ठरवला. टनामागे हिशेब केला तर सुमारे १३४ पौंड पडत, आणि त्या वर्षी जगाच्या बाजारात कोको याच्या तिपटीहून वर गेला होता.

शेतकऱ्याच्या हाती एकदम सगळा पैसा दिला तर महागाई भडकेल. त्यापेक्षा त्यातून शाळा, रस्ते, दवाखाने आणि धरण उभारावे, हे ग्बेडेमांचे गणित. कागदावर ते चुकीचे नव्हते. पण घाम गाळणारा एक आणि दौलत खर्चणारा दुसरा, हे अशान्ती भागातल्या शेतकऱ्याच्या नजरेतून सुटले नाही. शेतमालाचा भाव म्हणजे काय चीज आहे ते आपल्याकडे समजावून सांगण्याची गरज नाही. महिनाभरात, सप्टेंबर १९५४ मध्ये, कुमासी शहरात ‘नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट’ हा विरोधी पक्ष उभा राहिला. त्याला अशान्ती राजाचे आणि सरदारांचे पाठबळ मिळाले. संघराज्याची मागणी झाली, मारामाऱ्या झाल्या, बाँब फुटले. १९५६ ची आणखी एक निवडणूक जिंकल्यावरच स्वातंत्र्याची तारीख ठरली. कोकोच्या भावाने देशात जी फूट पाडली ती घानाच्या राजकारणातून पुढे कित्येक वर्षे गेली नाही.

दुसरे काम चलनाचे. तोवर पश्चिम आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतींचे चलन लंडनमधल्या एका मंडळाच्या हातात होते. १९५७ मध्ये बँक ऑफ घाना स्थापन झाली आणि जुलै १९५८ मध्ये घाना पौंड चलनात आला. या बँकेचे पहिले गव्हर्नर आल्फ्रेड एगलस्टन हे स्कॉटिश गृहस्थ. त्यांची आधीची कारकीर्द भारतातल्या इंपीरियल बँकेत, म्हणजे आजच्या स्टेट बँकेच्या पूर्वावतारात, गेली होती.

तिसरे काम व्होल्टा नदीवरच्या धरणाचे. वीज तयार करायची, त्या विजेवर अॅल्युमिनियम गाळायचे आणि कोकोवरचे अवलंबन कमी करायचे, अशी ती योजना. १९५६ च्या अहवालाने खर्चाचा अंदाज २३ कोटी १० लाख पौंड दिला आणि इंग्रजांनी हात आखडता घेतला. अमेरिकेची मदत हवी होती. व्हाइट हाऊसमधल्या त्या नाश्त्याचा खरा उपयोग इथे झाला. अपमानाबद्दल सहानुभूती घेऊन परतण्याऐवजी ग्बेडेमांनी धरणाचा विषय काढला. पुढे अमेरिकेतल्या कैसर कंपनीने आराखडा नव्याने तपासला, धरणाची जागा अकोसोम्बोला हलवून खर्च कमी केला, आणि जागतिक बँक, अमेरिका व ब्रिटन यांचे कर्ज मिळाले. जानेवारी १९६६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचा जलाशय तयार झाला आणि ८० हजारांच्या आसपास लोकांना घरदार सोडावे लागले. अॅल्युमिनियमचा कारखाना टेमा बंदरात झाला खरा, पण त्याला लागणारा कच्चा माल घानातल्या बॉक्साइटचा न वापरता बाहेरून आणला जाई. स्वस्त वीज परक्या कंपनीला गेली, ही टीका त्या कारखान्यावर आजवर होते.

उद्घाटनाला ग्बेडेमा नव्हते. ते तेव्हा देशाबाहेर होते.

प्रश्न : एन्क्रुमांशी त्यांचे बिनसले कशावरून?

उत्तर : पैशावरून, आणि हे दोन अर्थांनी खरे आहे. स्वातंत्र्याच्या वेळी घानाची लंडनमध्ये सुमारे २० कोटी पौंडांची गंगाजळी होती. १९६० पर्यंत एन्क्रुमांना कारखाने, जहाजे, विमाने, शेजारच्या देशांना मदत, सगळेच एकदम हवे होते. कोकोचा भाव मात्र उतरत होता. ग्बेडेमा हात आवरता घ्यायला सांगत होते. एन्क्रुमा मॉस्कोकडे झुकत चालले होते आणि ग्बेडेमांचे संबंध पाश्चात्त्य देशांशी होते. शिवाय पक्षात एन्क्रुमांच्या खालोखाल स्वतःचे वजन असलेला नेता म्हणजे ग्बेडेमाच. आपल्यावाचून पक्ष चालवून दाखवलेला माणूस कोणत्याही सर्वाधिकाऱ्याला फार काळ जवळ नको असतो.

८ एप्रिल १९६१ च्या पहाटे एन्क्रुमांनी नभोवाणीवरून भाषण केले आणि पक्षातल्या धनदांडग्यांवर कोरडे ओढले. पुढच्या महिन्यात ग्बेडेमांचे अर्थखाते काढून त्यांना आरोग्य खात्यावर पाठवले. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या सल्ल्याने जुलैमध्ये सक्तीच्या बचतीचा अर्थसंकल्प आला. पगारातून परस्पर कापून घेतलेल्या त्या बचतीविरुद्ध सेकोंडी-ताकोराडीचे रेल्वे आणि बंदर कामगार सप्टेंबरमध्ये संपावर गेले. महिनाअखेरीस एन्क्रुमांनी ग्बेडेमा, बोत्सियो आणि आणखी काही मंत्र्यांचे राजीनामे मागितले. मंत्र्याकडे दोनपेक्षा जास्त घरे नकोत, दोनपेक्षा जास्त मोटारी नकोत, अशी मर्यादा घातली होती. तिच्या आणि धंद्यातल्या हितसंबंधांच्या निकषावर ही मंडळी बाहेर गेली.

साफसफाई करायची गरज होती यात शंका नाही. दुसरे एक मंत्री क्रोबो एडुसेई यांच्या पत्नीने लंडनमध्ये ३,००० पौंडांचा सोनेरी पलंग घेतला, तेव्हा जगभर त्याची चेष्टा झाली. पण पुढे काय झाले ते पाहा. बोत्सियो परत मंत्री झाले. एडुसेईही परत मंत्री झाले. ग्बेडेमा झाले नाहीत, कारण राजीनामा दिल्यावर ते गप्प बसले नाहीत.

ऑक्टोबर १९६१ मध्ये सरकारने राज्याविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी खास न्यायालय नेमणारे विधेयक आणले. या न्यायालयाला फाशीची शिक्षा देता येणार होती आणि त्याच्या निकालावर अपील नव्हते. ग्बेडेमा सभागृहात उभे राहिले आणि सत्ताधारी पक्षाच्याच बाकांवरून या विधेयकाविरुद्ध बोलले. या कायद्याने नागरिकाचे स्वातंत्र्य सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर राहील, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. विधेयक अर्थातच मंजूर झाले. काही दिवसांत ग्बेडेमा सीमा ओलांडून टोगोत गेले. तिथेही एवे लोकच आहेत, त्यामुळे ती वाट त्यांना परकी नव्हती.

त्या न्यायालयात पहिले बडे आरोपी कोण उभे राहिले? ऑगस्ट १९६२ मध्ये कुलुंगुगू गावी एन्क्रुमांवर हातबाँब फेकला गेला आणि तीन बडी माणसे पकडली गेली. एक होते माहितीमंत्री ताविया अदामाफियो. ग्बेडेमांना हटवण्यात हेच सर्वांत पुढे होते. दुसरे परराष्ट्रमंत्री आको अजेई. परदेशात असलेल्या एन्क्रुमांना मायदेशी बोलावून घ्या, अशी शिफारस १९४७ साली यांनीच केली होती. तिसरे पक्षाचे कार्यकारी चिटणीस कॉफी क्रॅब. खास न्यायालयाने डिसेंबर १९६३ मध्ये तिघांना निर्दोष सोडले. एन्क्रुमांनी सरन्यायाधीश आर्कू कोर्सा यांनाच बडतर्फ केले, खटला पुन्हा चालवला आणि तिघांना फाशी सुनावली गेली. ती अमलात आली नाही. १९६६ च्या लष्करी उठावानंतर तिघे सुटले.

प्रश्न : एन्क्रुमा गेल्यावर तरी त्यांचे दिवस पालटले असतील?

उत्तर : थोडेसे, आणि थोड्या काळापुरते. २४ फेब्रुवारी १९६६ ला लष्कराने एन्क्रुमांची सत्ता उलथली आणि ग्बेडेमा मायदेशी परतले. लष्कराने निवडणुका जाहीर केल्यावर त्यांनी ‘नॅशनल अलायन्स ऑफ लिबरल्स’ हा पक्ष काढला. समोर होते एन्क्रुमांचे जुने विरोधक, समाजशास्त्राचे प्राध्यापक कोफी बुसिया. २९ ऑगस्ट १९६९ च्या निवडणुकीत १४० पैकी १०५ जागा बुसियांच्या पक्षाला मिळाल्या आणि २९ ग्बेडेमांच्या पक्षाला. त्यांच्या बहुतेक जागा व्होल्टा प्रदेशातल्या, म्हणजे एवे मुलखातल्या होत्या. ज्या माणसाने १९५१ साली सगळ्या देशाला एका पक्षाच्या झेंड्याखाली आणले होते त्याच्यावर एका जमातीचा पुढारी असा शिक्का बसला. १९५४ चा कोकोभाव अशान्ती मतदार विसरला नव्हता, हेही त्यात आले.

तरी २९ जागा म्हणजे विरोधी पक्षनेतेपद होते. पण नव्या राज्यघटनेच्या ७१ व्या कलमात एक अट होती. ज्या व्यक्तीने पदाचा गैरवापर करून मालमत्ता मिळवली असे चौकशी आयोगाने म्हटले असेल, तिला संसदेत बसता येणार नव्हते. लष्करी राजवटीत नेमलेल्या, न्यायमूर्ती अॅनी जियागे यांच्या आयोगाने ग्बेडेमांविरुद्ध तसा निष्कर्ष काढला होता. केटा मतदारसंघातले त्यांचे प्रतिस्पर्धी कोर्टात गेले आणि वर्ष संपायच्या आत ग्बेडेमांनी जिंकलेली जागा काढून घेतली गेली. अवूनोर-विल्यम्स विरुद्ध ग्बेडेमा हा खटला घानातले कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात.

१९७२ मध्ये पुन्हा लष्कर आले. १९७८ मध्ये जनरल अचेम्पाँग यांनी पक्षविरहित ‘युनियन गव्हर्नमेंट’ची कल्पना सार्वमताला टाकली, तेव्हा तिच्या विरोधात उभ्या राहिलेल्या आघाडीच्या पुढाऱ्यांत ग्बेडेमा होते. सोबत त्यांचे जुने राजकीय वैरीही होते. ११ जुलै १९९८ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

प्रश्न : मग त्यांना काय म्हणायचे? अन्यायाचा बळी, की इतर मंत्र्यांसारखाच एक मंत्री?

उत्तर : एकाच शब्दात उत्तर हवे असेल तर ते देता येणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट आहेत.

मालमत्तेचा आरोप सर्वस्वी बनावट होता असे म्हणता येत नाही. १९६१ मध्ये एन्क्रुमांनी तो केला आणि एन्क्रुमांना घालवणाऱ्यांच्या आयोगानेही तोच केला. या दोघांचे एकमत व्हायला दुसरे काही कारण नव्हते. मात्र दोन्ही वेळा हा आरोप ग्बेडेमांना राजकारणातून बाहेर काढायच्या नेमक्या वेळी पुढे आला. तेच आक्षेप ज्यांच्यावर होते ते निमूटपणे परतून मंत्री झाले. म्हणजे घानाच्या त्या काळच्या राजकारणात भ्रष्टाचाराची शिक्षा भ्रष्टाचार पाहून दिली जात नव्हती, डोईजड कोण होतो ते पाहून दिली जात होती.

दुसरी गोष्ट त्यांच्या १९६१ च्या भाषणाची. धैर्य होते हे निश्चित. पण १९५८ मध्ये घानात प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला, खटला न चालवता माणसाला पाच वर्षे आत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली, तेव्हा ग्बेडेमा मंत्रिमंडळात होते. भारतात असा कायदा १९५० पासून होताच आणि घानाच्या सरकारने त्याचा दाखलाही दिला. त्या कायद्याखाली विरोधी पक्षाची माणसे तुरुंगात गेली. स्वातंत्र्यचळवळीचे जुने पुढारी जे. बी. दांक्वा फेब्रुवारी १९६५ मध्ये न्सावामच्या तुरुंगात वारले. कायदा झाला आणि विरोधकांची धरपकड सुरू झाली तेव्हा ग्बेडेमा बोलले नव्हते. स्वतःच्या पायाखालची जमीन सरकल्यावर बोलले.

त्यांचे मोठेपण मला दिसते ते १९५०-५१ च्या वर्षभरात. नेता तुरुंगात, पक्ष जेमतेम वर्षाचा, पैसा नाही आणि समोर साम्राज्य, अशा वेळी बंदुकीला हात न लावता, मतदारयादी हातात घेऊन त्यांनी सत्ता जिंकून दाखवली आणि ती दुसऱ्याच्या हवाली केली. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांना स्वराज्याची वाट तिथून दिसली. अमेरिकेतल्या हॉटेलात घडले ते त्यांच्यावर घडले. १९५१ ची निवडणूक त्यांनी घडवली. त्यांच्याविषयी कोणी विचारले तर आधी ती सांगावी.